चार लिंबं

"ताई, पुढच्या आठवड्यात नक्की," शोरूमचे मॅनेजर फिरत्या खुर्चीत डुलत म्हणाले.

पाच महिने मी हेच ऐकत होते. आज त्यांनीच बोलावलं म्हणून पूजेचं ताट घेऊन आले होते. सोमवारी शाळा उघडणार होती आणि माझ्या नव्या व्हॅनच्या भरवशावर अकरा पोरांच्या आया निर्धास्त होत्या.

मी उठले. त्यांच्या खुर्चीला हळदीकुंकू लावलं, हार घातला आणि चाकांखाली एकेक लिंबू सारलं.

"अहो, हे काय?"

"गाडीची पूजा. पाच महिने नुसतं फिरवताय ना मला? मग हीच माझी गाडी! चाकं पाच निघाली, मी लिंबं चारच आणलीत."

गडबडून त्यांनी खुर्ची मागे ढकलली. चारही लिंबं फचकन फुटली.

"सुटली, सुटली!" माझ्यासारखेच ताटकळलेले एक आजोबा ओरडले आणि सगळी गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत आरती म्हणू लागली. मॅनेजरांनी घाम पुसत गोडाउनला फोन लावला.

तासाभरात माझी पांढरी व्हॅन दारात उभी राहिली. पण आता लिंबं कुठून आणायची?

"दोन मिनिटांत आणतो," म्हणत मॅनेजर स्वतःच कोपऱ्यावर पळाले.

आणि दोन मिनिटांत आलेसुद्धा.