तासाच्या शेवटी

अलेक्झांड्रियातल्या आमच्या कॉलेजात प्राध्यापकांना तास रेकॉर्ड करायला शिकवणं आणि ते रेकॉर्डिंग नीटनेटकं करून मुलांना देणं हे माझं काम. रमजानात भूगोलाचे वहीद सर घरूनच रेकॉर्ड करायचे आणि दर वेळी शेवटी आतून त्यांच्या बायकोचा, नगवाबाईंचा, आवाज यायचा, "अजान झाली. आधी खजूर खा, नाईल कुठे पळून जात नाही."

"सर, माइक बंद करत जा ना, मुलं हसतील," मी कुरकुरायचे आणि तेवढा तुकडा कापून कायमचा पुसून टाकायचे. बावीसच्या बावीस तास मी असे स्वच्छ केले.

नगवाबाई गेल्या, त्याला पंधरा दिवस झाल्यावर सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

 

"पोरी, ते कापलेले तुकडे कुठे ठेवतेस गं?"