मापांची चोरी

आणखी एका बाईने बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. इकडे जोडेवालीने मोबाइल शिलाई मशीनवर ठेवला आणि मान चोळली.

ज्यांचा एक पाय आखूड किंवा वाकडा असतो, अशा मुलांचे जोडे ती घरीच शिवायची. आईवडील साइटवर पायांची मापं टाकायचे, फोटो टाकायचे, पत्ता टाकायचे. ती साइट कुणीतरी फोडली होती. मापांसकट सगळं गेलं होतं.

"वहिनी, पुरे करा आता," लॅपटॉपमधून डोकं वर न काढता दीर म्हणाला. साइट तोच सांभाळायचा. "साइट बंद केलीय, पासवर्ड बदललेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावभर सांगत सुटलात तर उद्या औषधालासुद्धा गिऱ्हाईक उरणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो टाइप करत राहिला. तिने पुढचा नंबर लावला.

"ताई, मी जोडेवाली बोलतेय. आमच्या साइटवरून तुमची माहिती चोरीला गेलीय. आमच्या नावाने कुणाचा फोन आला तर..."

"येऊन गेला." आवाजात राग नव्हता, त्राणही नव्हतं. "जोडे तयार आहेत म्हणाला. मोबाइलवर आलेला नंबर सांगा, लगेच पाठवतो. सांगितला. खातं धुऊन नेलं त्याने."

"अहो, असा नंबर कुणाला सांगतात का?"

"मी काय खुळी आहे? पण पोराचा डावा पाय आखूड आहे, हे त्याला माहीत होतं. किती आखूड, तेसुद्धा. 'अजून टाचेला टोचतं का हो त्याच्या?' असं विचारलं त्याने. एवढ्या मायेने आमच्या घरातलंही कुणी विचारत नाही. मला वाटलं, तुमचाच माणूस."

दिराची बोटं कीबोर्डवर थांबली.

"ताई, आधी बँकेला कळवा. आणि पोलिसांत..."

"थांबा." पलीकडच्या बाईने तिला मध्येच तोडलं. "हे तरी तुम्हीच बोलताय कशावरून?"

जोडेवालीने बोलायला तोंड उघडलं. काय सांगावं? माप? पोराला निळेच जोडे हवे होते, ते? यंदा शर्यतीत पळणार म्हणून हटून बसलाय, असं आईने लिहिलं होतं, ते? एकेक आठवत गेलं आणि एकेक गळत गेलं. सगळं साइटवरच तर होतं.

"नका ठेवू विश्वास," शेवटी ती म्हणाली. "स्वतः बँकेत जा. फोनवर कुणाचंही ऐकू नका. माझंसुद्धा."

पलीकडचा फोन चालूच राहिला. तिथल्या फरशीवरून कुणीतरी चालत गेल्याचं ऐकू आलं. एक पाऊल जड, एक हलकं.