बाळ येशूची करंगळी

नव्या झबल्याच्या बाह्या यारेलीने जरा घट्टच शिवल्या होत्या. झबलं घालून बघताना बाळ येशूची करंगळी टचकन मोडली आणि तिच्या काळजात धस्स झालं.

मूर्ती तिच्या एकटीची थोडीच होती! मेक्सिकोतून टेक्सासला आलेली सात घरं ती मिळून सांभाळत. वर्षभर एका घरी मुक्काम, मग फेब्रुवारीत सगळ्यांदेखत नवं झबलं घालून पुढच्या घरी रवानगी. यंदा घरच्या नव्या सुनेवर भार टाकताना सासूने बजावलं होतं, “जपून गं. शंभर वर्षांत साधा ओरखडा नाही.” यारेलीने खोटी नखं चिकटवायच्या गोंदाने करंगळी जोडली खरी, पण आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

सण उजाडला. झबलं घालायचा मान सगळ्यांत थोरल्या कोन्सुएलोआजीचा. बाही चढवता चढवता आजीचा अंगठा नेमका करंगळीपाशी थांबला. यारेलीच्या तोंडचं पाणी पळालं.

आजी तिच्या कानाशी लागली. “टाच माझ्या हातून फुटली होती. कान तुझ्या सासूने पाडला. वरून रंग दिलाय, म्हणून दिसत नाही. कुठे बोलू नकोस. धाक असला की हात जपून चालतात.”

तासाभराने पुढच्या घरच्या सुनेकडे मूर्ती देताना यारेली अगदी सासूच्या सुरात म्हणाली, “जपून गं. शंभर वर्षांत साधा ओरखडा नाही.”

त्या पोरीचे हात थरथरलेले दिसले, तेव्हाच यारेलीने मूर्ती सोडली.