आप्पांना मारायचंय

"आज आप्पांना मारायचंय," सर्वेशने आल्या आल्या सांगितलं. "पण सहदेवकाकांना आत्ताच काही बोलू नकोस. रुसून बसतील. सीनमध्ये झोपायचंय, एवढंच सांग."

"आणि मग?"

"मग काय, झोपू दे. रडायचं काम बाकीचे करतील."

सर्वेश मालिकेचा दिग्दर्शक आणि अक्षता त्याची असिस्टंट. म्हणजे जे सर्वेशच्या जिवावर यायचं, ते अक्षताने करायचं. नाहूरच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये मालिकेतला बंगला उभा होता. पुढून संगमरवर, मागून प्लायवूड. त्या बंगल्यात सहदेव मेस्त्री दोन वर्षं आरामखुर्चीत बसून आप्पा म्हणून सुनांना आशीर्वाद देत आले होते. चॅनेलला आता आशीर्वाद नको होते, इस्टेटीची भांडणं हवी होती. आणि आप्पा मेल्याशिवाय इस्टेट भांडायला मोकळी कशी होणार?

काका मिशी चिकटवून घेत होते.

"काका, आज सोपं आहे. खुर्चीत नुसतं झोपायचंय."

"संवाद?"

"नाहीत."

"एखादी जांभई?"

"नको. गाढ झोप."

"झकास!" म्हणत काका धोतर सावरत सेटवर आले आणि थबकले. सोफ्यावर त्यांचाच फोटो ठेवला होता, फ्रेम करून. एक जण काच पुसून त्याला चंदनाचा हार घालत होता.

अक्षता लगबगीने पुढे झाली.

काकांनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. "हा माझ्या भाचीच्या लग्नातला. कोपऱ्यात आइस्क्रीमसुद्धा दिसतंय. मागितला असतात तर बरा दिला नसता का?"

"काका, मी सांगणारच होते..."

"मरूक माझी ना नाय गो बाय." काका मालवणीवर आले की दुखावलेत, हे सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं. "पण आधी सांगूक नको?"

आणि ते खुर्चीत जाऊन बसले. ओरडले असते तर अक्षताला बरं वाटलं असतं.

लाइट लागले आणि नेमका सर्वेशला चॅनेलचा फोन आला. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नाही, म्हणून तो बाहेर पळाला. जाता जाता ओरडला, "तू घे टेक! एकदाच मिळेल. माधुरीला अंधेरीला दुसऱ्या शूटिंगला जायचंय, आणि एपिसोड आज रात्रीच दाखवायचाय!"

माधुरी म्हणजे बंगल्यातली थोरली सून. चहाचा ट्रे घेऊन ती आली. "आप्पा, चहा!" आप्पा हलले नाहीत. ट्रे पडला, कप फुटला. माधुरीने त्यांचे खांदे गदागदा हलवत टाहो फोडला, "आप्पा! असं काय करता? एकदा तरी बोला हो माझ्याशी!"

आप्पांनी डोळे उघडले.

"थोरले," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मला सगळं कळलंय. तो माणूस... या घरातलाच..." आणि त्यांची मान पुन्हा लुळी पडली.

माधुरी मुरलेली. तिने डोळे विस्फारले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग थेट कॅमेऱ्यात. सेटवरच्या बाकी सगळ्यांनी अक्षताकडे बघितलं. कट म्हणायचं काम तिचं होतं.

शब्द तिच्या ओठांवर आला. पण तिची नजर काकांच्या पापण्यांवर गेली. शाळा बुडवायला तापाचं सोंग घेतलेल्या पोरासारख्या त्या घट्ट मिटल्या होत्या आणि थरथरत होत्या. अक्षताने ओठ दाबून धरले. कॅमेरामनने आपण होऊनच त्या पापण्या जवळून घेतल्या. तिने कट म्हटलं तोवर माधुरीने पर्स खांद्याला लावली होती.

"मस्त जमला गं! मला कोणी बोललंच नाही, आप्पा जगतात म्हणून," म्हणत ती गाडीत बसलीसुद्धा.

सर्वेशने टेक पाहिला आणि कपाळाला हात लावला. "वाट लागली! तू कट का नाही म्हणालीस?"

"टेक एकदाच मिळेल म्हणालास ना."

"उद्यापासून येऊ नकोस!"

तो आणखी बराच बोलला. अक्षता खाली बघून फुटलेल्या कपाचे तुकडे पायाने गोळा करत राहिली. दुसरा टेक हाताशी नव्हता, म्हणून तोच एपिसोडमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चॅनेलचा फोन आला. लोक वेडे झाले होते. तो माणूस कोण, यावर घराघरांत पैजा लागल्या होत्या. आप्पांना हात लावायचा नाही, कोमात ठेवा, आणि तो माणूस कोण हे बाहेर फुटू देऊ नका, अशी सक्त ताकीद मिळाली.

"फुटतंय कसलं," सर्वेश फोन ठेवून पुटपुटला, "इथे माहितीय कोणाला?" मग त्याने अक्षताला फोन करून विचारलं, "कुठे आहेस? अजून आली का नाहीस?"

दोन दिवसांत बंगल्याच्या दिवाणखान्याचं हॉस्पिटल झालं. काका पलंगावर निजले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाइन. कॅमेरा सुरू व्हायचा होता. सर्वेश पलंगाशी उभा राहून अक्षताला म्हणाला, "पंधरा दिवस ठेवू. टीआरपी पडला की मारू."

पांढऱ्या चादरीवर काकांचं बोट हळूच हललं. मग दुसरं.

अक्षता खाली वाकली. "काका, हलायचं नाही!"

डोळे मिटलेलेच होते. मास्कच्या आतून आवाज आला:

"डॉक्टरला बोलव गं. पेशंट प्रतिसाद देतोय."