दाराशी जाऊन परत येणारे

कंपनीच्या वेबसाइटवर कोणाला कोणता बॅनर दाखवायचा, याचे त्याने अगदी साधे नियम बसवले. नव्या ग्राहकाला स्वागताची सवलत. खातं बंद करायचं पान दोनदा उघडणाऱ्याला 'थांबा, तुमच्यासाठी खास काही आहे'. बाकीच्यांना कोरी जागा.

"आणि दहा वर्षांचा जुना ग्राहक ते पान उघडत असेल तर?" साहेबांनी विचारलं.

"उघडू दे की, साहेब. तो नुसता दाराशी जाऊन परत येतो. त्याला कशाला काही द्यायचं? त्यालाही कोरीच जागा."

साहेब इतके खूश झाले, की त्यांनी हेच नियम जसेच्या तसे कर्मचाऱ्यांच्या वेबसाइटलाही लावून टाकले.

सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने राजीनाम्याचं पान दोनदा उघडलं, तर लगेच तिच्यासमोर बॅनर आला: 'थांबा. हव्या त्या शहरात बदली देतो.' तो बघतच राहिला. बायको आणि मुलगी राहतात त्या शहरात बदली मिळावी म्हणून तो चार वर्षं साहेबांच्या केबिनचा उंबरठा झिजवत होता, आणि दर वेळी 'बघू' एवढंच ऐकून परत येत होता.

त्यानेही राजीनाम्याचं पान उघडलं. दोनदा उघडलं. मग दहादा उघडलं.



जागा कोरीच राहिली. बारा वर्षांच्या नोकरीत एवढं चोख काम त्याने कधी केलं नव्हतं.