नवा पंच

जावयाने बनवलेल्या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये यंदा एक नवी करामत होती. पंच आता खऱ्या माणसासारखा चुकायचा, आणि कुणी फार हुज्जत घातली की त्याला सरळ मैदानाबाहेर हाकलायचा. सासरे तीस वर्षं बेसबॉलचे पंच होते, म्हणून गेम बाजारात आणण्याआधी जावयाने तो मोठ्या हौसेने त्यांच्याच हाती दिला.

दुसऱ्याच बॉलला सासऱ्यांचं डोकं फिरलं.

"अहो, हातभर बाहेरून गेलेल्या बॉलला हा स्ट्राइक देतो? आंधळा कुठला!"

त्यांनी हुज्जतीचं बटण असं काही बडवलं, की पंचाने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

"वर मिजास बघा याची! जावईबापू, हे असलं ध्यान शोधलंत तरी कुठून?"

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. पंचाला शिकवण्यासाठी सासऱ्यांच्या जुन्या सामन्यांच्या कॅसेटी त्यांनीच तर कपाटातून गुपचूप काढून दिल्या होत्या.

 

"त्यांना काय विचारता?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हे ध्यान माझ्या वडिलांनी शोधलंय!"