गाऱ्हाण्यातली वाट

"बा देवा म्हाराजा," काशीरामने नारळ कपाळाला लावून सुरुवात केली, "ह्यां माजां चेडू, अनुपमा, आज एस्टीन गावाक जाता."

"व्हय म्हाराजा," मालनने पदर सावरून साथ दिली.

अनुपमाचं तोंड काही उघडलं नाही. उघडणार कुठून? एस्टी ही शुद्ध थाप होती. ती निघाली होती सायकलने. भांडुप ते कणकवली, चार दिवस, सोबत ऑफिसातल्या शुभा आणि जया. सायकल घाटकोपरला शुभाच्या जिन्याखाली उभी होती, आणि गावच्या आत्यासाठी दिलेल्या लाडवांखाली पिशवीत पंक्चरचं सामान होतं.

भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत अर्धी बिऱ्हाडं कणकवलीकडची. कुणी लांब निघालं की मोठ्या माणसाने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. कोण जातंय, कुठे, कशाने, सगळं देवाला मोठ्याने सांगायचं, आणि घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत त्यावर शिक्का मारायचा. सांगायचं मात्र बिनचूक! शेजारच्या सहदेवने धाकट्याच्या नोकरीसाठी गाऱ्हाणं घातलं आणि सवयीने नाव थोरल्याचं घेतलं. महिन्याभरात नोकरी लागली थोरल्याला, ज्याला आधीच एक होती. हसण्यावारी नेऊ नका, धाकटा अजून घरी बसलाय.

खरं सांगायची अनुपमाची छाती झाली नव्हती. संपात मिल गेल्यापासून काशीराम एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. पोरगी दिवेलागणीच्या आत घरी आली नाही तर टेकडीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर येऊन उभा राहणारा बाप. त्याला काय सांगणार? रविवारी शुभाकडे जाते म्हणून आपण वज्रेश्वरी गाठतो, एकदा तर कर्जत गाठलं? की सायकलवर गाव आलं की आधी चुलीचा धूर नाकाला लागतो, मग कुत्री भुंकतात, मग कुणीतरी म्हातारी "कुठल्या गं तुम्ही?" असं विचारून पाण्याचा तांब्या पुढे करते? झाडाखाली बसून खाल्लेल्या गार चपातीची चव घरच्या गरम चपातीला नसते, हे तर आईसमोर बोलायची सोयच नव्हती.

"एस्टीचो टायर फुटाक देव नको," काशीराम पुढे म्हणाला. "डायवराक झोप येवक देव नको."

"व्हय म्हाराजा," मालन म्हणाली, आणि लेकीला कोपर मारलं. "गप काय गं? बोल की!"

अनुपमाने मनात हिशेब केला. देव चार दिवस एस्टीच्या ड्रायव्हरला जागं ठेवत बसणार, आणि आपण घाटात एकट्या.

"बाबा, थांबा ना. एस्टी नाही. सायकल." मग थांबणं जमलंच नाही तिला. तिने घडाघडा सगळं सांगून टाकलं, अगदी कर्जतसकट.

"अगो बाय माझे! सायकलीन कणकवली? तीन पोरी?" मालन मटकन खालीच बसली. "वाट लागली! अहो, ठेवा तो नारळ खाली!"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, बाबा," अनुपमा म्हणाली. वर्षभर ती या चार दिवसांवर जगली होती. "पण खोट्या गाऱ्हाण्यावर जायची माझी हिंमत नाही."

काशीराम हातातल्या नारळाकडे बघत राहिला. नारळ खाली ठेवला की संपलं, हे तिघांनाही कळत होतं. खाली नळावर कुणाची तरी हंडा लावण्यावरून भांडणं चालली होती, ती संपली तरी हा आपला उभाच.

मग त्याने नारळ पुन्हा कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा, चूक झाली ती दुरुस्त करून घे. चेडू सायकलीन जाता." त्याने डोळे न उघडताच बायकोला दटावलं, "गो, व्हय म्हण!"

"व्हय म्हाराजा," मालन कशीबशी पुटपुटली.

"ह्यां चेडू बापापरास बरां निघालां, म्हाराजा. तुज्यासमोर खरां बोललां. छप्पन साली मी काकाकडून बोटीचां गाऱ्हाणां घालून घेतलंय, नि गुपचूप सायकलीन गावाक गेलंय. तू बिचारो समुद्राकडे बघीत रवलंस, नि मी परशुरामाच्या घाटात आपाटलंय. ता माफ कर."

मालन 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच विसरली. पंचवीस वर्षं संसार केला होता तिने या माणसाशी, आणि ही गोष्ट तिच्या कानावर आज येत होती.

काशीराम मात्र आता कुणाचं ऐकत नव्हता. तो वाट सांगत सुटला. कर्नाळ्याला पोरी दमतील, त्यांना घाई करू देऊ नको. कशेडीच्या आधी पाणी भरून घ्यायची आठवण करून दे. भोस्त्याच्या चढावर उतरून चालल्या तर लाज वाटू देऊ नको, मीही चाललो होतो. खारेपाटणच्या पुढे आपल्या बोलीतली पहिली हाक ऐकू आली की रडू येतं, तेव्हा सायकल बाजूला घे म्हणावं. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस! अनुपमा प्रत्येक गावाला 'व्हय म्हाराजा' म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

"आणि उतारार बिरेक लावची बुद्धी दे रे म्हाराजा," काशीराम म्हणाला आणि घुटमळला. डोळे मिटलेले, नारळ कपाळाला, आणि ओठांवर विशीतल्या पोराचं हसू.

"पण सगळ्याच उतारार नको."